सोसायटी मेंबरशिप द्यायला टाळाटाळ करते तेव्हा काय करायचं

फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं, स्टॅम्प ड्युटी भरली आणि आता सेक्रेटरी म्हणतो आधी कमिटीला भेटा, मग आडनाव काय, मूळ गाव कुठलं, घरात मासे-मटण शिजतं का. उत्तरं देत बसू नका, अर्ज करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही.

त्याआधी सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी (बायलॉज, म्हणजे सोसायटीचे नियम) मात्र नीट वाचा, कारण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन सोसायटीच्या केसमध्ये सभासद फक्त पारशीच असावेत हा उपविधी मान्य केला होता. मला तो निकाल पटत नाही, पण उपविधीत अशी अट असेल तर समोरचा वकील तोच पुढे करणार. बहुतेक सोसायट्या सरकारचे आदर्श उपविधी घेतात आणि त्यात जात-धर्माची अट नसते. कमिटीने मीटिंगमध्ये केलेला "फक्त व्हेज फॅमिली" असला ठराव म्हणजे उपविधी नव्हे, उपविधी बदलायचा तर जनरल बॉडीची मंजुरी लागते आणि निबंधकाकडे (सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे) नोंद लागते, म्हणून ठराव दाखवला की नोंदणी झालेली प्रत मागा.

आता अर्ज. विकणारा आणि तुम्ही दोघांच्या सह्या, अ‍ॅग्रीमेंटची प्रत, शेअर सर्टिफिकेट, ट्रान्सफर फी, सगळं एकदम द्या आणि स्वतःच्या प्रतीवर तारखेसकट सही-शिक्का घ्या. घेतच नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा, पुढे सगळं या कागदावर चालतं. कोणी तोंडी नकार दिला तर तुम्ही लगेच ईमेल टाका, "आज अमुक कारण सांगून अर्ज परत केला" एवढं लिहिलं तरी पुरे. ट्रान्सफरसाठी सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही, बँकेला लोनसाठी लागते ती गोष्ट वेगळी. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यावर "डोनेशन" मागितलं तर लेखी मागा म्हणावं. नकार आला की उपनिबंधकाकडे अपील करा आणि मुदत चुकवू नका, नकाराचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात वकिलाला गाठा. अर्जच स्वीकारत नसतील तर तो उपनिबंधकामार्फत देता येतो.

भाड्याचं थोडं वेगळं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मालकानेच जात-धर्म बघून नाकारलं तर मात्र कायदा तोकडा पडतो, घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, खासगी घरं नाहीत, आणि हे बदलायलाच हवं. दोन कायदे मात्र घराचा उल्लेख थेट करतात, एचआयव्हीबाबतचा २०१७ चा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचा २०१९ चा, दोन्हीत घर विकत घेताना किंवा भाड्याने घेताना भेदभाव करायला मनाई आहे, तेव्हा एजंटने तसं कारण सांगितलं तर मेसेज डिलीट करू नका.