वखारीतून सागवान घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर ते कसं सांभाळायचं

घराचं काम चालू होतं तेव्हा मे महिन्यात आम्ही दोन चौकटींसाठी सागवान घेतलं. वखारवाला म्हणाला एकदम सुकलेलं आहे, सुतार म्हणाला चालेल, मी पैसे दिले. दिवाळी येईपर्यंत एका चौकटीचा उभा पाय इतका पिळला की दार वर घासायचं आणि खाली बोटभर फट राहायची. लाकूड खरं सागवानच होतं बरं का, फक्त ओलं होतं. त्यामुळे आता कुणी विचारलं की सीपी घेऊ का घाना, तर मी आधी दोनच गोष्टी बघायला सांगतो, लाकूड सुकलंय का आणि त्यात गाभा किती आहे.

नावांचं थोडक्यात सांगतो. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस), आपल्याकडे बल्लारपूर, आलापल्ली भागातलं सागवान, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना 2023 मध्ये इथूनच लाकूड गेलं. बर्मा टीक वखारीत अजूनही ऐकू येतं पण म्यानमारने 2014 पासून गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय, त्यामुळे स्वस्तात बर्मा म्हटलं की सावध व्हा. घाना, इक्वेडोर, ब्राझीलचं लागवडीचं सागवान येतं, ते बरंचसं कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या सॉ मिलमध्ये कापलं जातं, आणि ते सागवानच असतं, झाड तेच. मात्र नुसतं 'आफ्रिकन टीक' म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा इरोको वगैरे वेगळ्याच झाडाचं असतं, लाकूड वाईट नाही पण सागवानाचा भाव देऊ नका.

आता गाभा. खोडाच्या आतला सोनेरी तपकिरी भाग म्हणजे गाभा, सालीखालचा पांढुरका भाग वेगळा. सागवानाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो ना, ते फक्त गाभ्याबद्दल खरं आहे, पांढऱ्या भागाला वाळवीही लागते आणि भुंगाही. कमी वयात तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग जास्त येतो. म्हणून प्रत्येक नग फिरवून चारही बाजू आणि दोन्ही तोंडं, म्हणजे कापलेली टोकं बघा, कडेला पांढरा पट्टा असेल तर तो नग बाजूला ठेवा किंवा आतल्या पट्ट्यांना वापरा, चौकटीला नको. कधीकधी पांढऱ्यावर रंग मारलेला असतो, पटाशीने किंवा चावीने जरा खरवडलं की कळतं. चांगला गाभा ताजा खरवडला की हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो, हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

ओल तपासायला छोटं मॉइश्चर मीटर मिळतं, आख्ख्या घराचं लाकूड घेणार असाल तर नक्की घ्या. तोंडाशी लावू नका, तोंड सगळ्यात आधी सुकतं, त्यामुळे मधोमध आणि शक्यतो ताज्या कापलेल्या जागी लावा. पुण्यासारख्या ठिकाणी 12 टक्क्यांच्या आसपास हवं, कोकणात हवाच दमट म्हणून थोडं जास्त चालतं, 20 च्या वर दाखवलं तर सरळ दुसरीकडे बघा. मीटर नसेल तर एकाच मापाचे दोन तीन नग उचलून बघा, ओला नग जड लागतोच. मग नग डोळ्याजवळ धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, बाक किंवा पीळ तिथेच दिसतो. बारीक घट्ट गाठ चालते, सुटलेली गाठ आणि आरपार चीर नको.

हिशोब घनफुटावर असतो. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले 144. म्हणजे 5 बाय 3 इंची लाकडाची चौकट, दोन पाय 7 फुटी आणि वरचं आणि उंबरा साडेतीन साडेतीन फुटी, एकूण 21 फूट, तर 5 × 3 × 21 म्हणजे 315, भागिले 144, साधारण 2.19 घनफूट. टेप स्वतःचा न्या, तोंडाला चीर असेल तर तेवढी लांबी मापातून वजा करायला सांगा, आणि भाव रंधा मारायच्या आधीच्या मापाचा आहे का नंतरच्या हे आधीच विचारा, कारण रंध्यात पाव इंच सहज जातो. पक्कं बिल घ्याच. स्वतःच्या शेतातलं सागाचं झाड असलं तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो, ते वन खात्याकडे आधी विचारून मगच कुऱ्हाड लावा.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर मला ते मनापासून आवडतं. पन्नास शंभर वर्षं पावसाळे उन्हाळे बघून ते बसलेलं असतं, आता पिळायची भीती फार कमी. फक्त खिळे सगळे काढून घ्या नाहीतर मिलवाला पातं खराब होतं म्हणून घेणारच नाही, आणि भिंतीत गाडलेली टोकं कुजलेली असतात ती कापून टाकायच्या हिशोबानेच लांबी घ्या.

घरी आणलं की जमिनीवर टाकू नका. विटा किंवा ठोकळे ठेवून त्यावर एक थर, मग दर दीड दोन फुटांवर एकाच जाडीच्या पट्ट्या, त्यावर दुसरा थर, आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक रेषेत, नाहीतर लाकूड तिथेच वाकतं. उन्हात नको, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नको, वरून पत्रा आणि बाजूने वारा. तोंडांना उरलेला ऑइलपेंट फासा म्हणजे चिरा पडत नाहीत. सुकलेलं आणलं तरी तीन चार आठवडे असंच राहू द्या.

चौकट बसवताना भिंतीकडच्या बाजूला डांबर किंवा प्रायमर लावलेला हवा, कारण नंतर प्लास्टर आणि भिंतीला मारलेलं पाणी सगळं तिथेच मुरतं. पॉलिशच्या आधी थिनरने पुसून घ्या, सागवानाच्या स्वतःच्या तेलामुळे पॉलिश नीट धरत नाही. पावसाच्या माऱ्यातल्या दाराला मी दरवर्षी पावसाळ्याआधी बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, पातळ हात देतो आणि उरलेलं फडक्याने पुसतो. त्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, बाहेर पसरून वाळवा. उन्हापावसात लाकूड करडं पडलं तर घाबरू नका, ते वरवरचं असतं, 120 चा पॉलिश पेपर मारून तेल दिलं की रंग परत येतो.

आणि जुलैत दार घट्ट झालं की लगेच रंधा मारायला सुतार बोलावू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते परत आकसतं, तेव्हाही घासत असेल तरच तासा, आणि तासलेल्या जागी, दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलासुद्धा, पॉलिशचा हात द्या, ओल तिथूनच शिरते आणि नेमक्या त्याच कडा सगळेजण कोऱ्या सोडतात.