गळ्याच्या सोनोग्राफीत गाठ दिसली तर
छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरमध्ये घेतलेल्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या रिपोर्टमध्ये थायरॉईड ग्रंथीत 6 मिलिमीटरची गाठ असल्याचे लिहून आले, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी थायरॉईडच्या कर्करोगाचे आकडे का फुगले आहेत हे समजून घ्यावे. दक्षिण कोरियात 1999 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय तपासणी मोहिमेच्या जोडीने, थोडे जादा पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची प्रथा पडली. 2011 पर्यंत निदानाचे प्रमाण 1993 च्या सुमारे 15 पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास होते तेथेच राहिले. ज्यांच्यापाशी पैसा, विमा आणि हाकेच्या अंतरावर सोनोग्राफी केंद्र आहे, त्यांच्याच गाठी अधिक सापडतात, आणि त्यांतील बहुतेक साध्या असतात. लक्षण नसताना ही सोनोग्राफी पॅकेजात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाठ निघालीच असेल, तर थायरॉईडचे काम नीट चालले आहे का हे सांगणारी टीएसएचची रक्ततपासणी करावी आणि रिपोर्टवर ‘टायरॅड्स’ श्रेणी, म्हणजे सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद वाटते याचा 1 ते 5 असा दर्जा, नसल्यास ती लिहून मागावी. श्रेणी 5 असल्यास साधारणपणे 1 सेंटिमीटरपासून, 4 असल्यास 1.5 आणि 3 असल्यास 2.5 सेंटिमीटरपासून सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सुचवली जाते. मानेतील इतर गाठीही संशयास्पद दिसत असतील, तर ही मापे लागू होत नाहीत. कर्करोग निघाला तरी अर्धी ग्रंथी काढून भागेल का, आणि गाठ अगदी लहान असेल तर नुसती देखरेख चालेल का, हे सर्जनना विचारावे, कारण पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बाईची अडचण नेमकी उलटी असते. तिचा गळा कोणी पाहिलेलाच नसतो. तिने आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळावा आणि कंठाखाली फुगवटा वर-खाली होतो का ते पाहावे. फुगवटा दिसला, तो झपाट्याने वाढत असला, आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असला किंवा घास अडकत असला, तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात जावे. हे काम टोळी निघण्याआधीच उरकावे, कारण एकदा उचल घेऊन कारखान्यावर गेल्यावर हंगाम संपेपर्यंत मुकादम सहसा सुट्टी देत नाही.