सोनोग्राफी नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतंय? डॉक्टरांकडे असं जा

महिनोन्‌महिने ओटीपोट दुखतंय, सोनोग्राफीत काही सापडत नाही आणि 'टेन्शन घेऊ नका', 'लग्न झालं की थांबेल', 'एक मूल होऊ दे' अशी उत्तरं मिळतायत. अशा वेळी एक गोष्ट आधी माहीत हवी. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसते, पण एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) काही मिलिमीटरचे चपटे ठिपके बहुधा दिसत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू किंवा दुखावलेली नस तर दिसतच नाही. त्यामुळे निदानाचा भार तुम्ही काय सांगता यावर येतो. केस पेपरवर नुसतं 'पोटदुखी' लिहिलं गेलं, तर पुढचं सगळं तिथेच अडतं.

(अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या, गरोदर असताना किंवा पाळी चुकलेली असताना दुखणं, चक्कर येऊन पडणं, ताप आणि घाण वासाचा स्राव, तासाला एक पॅड पूर्ण भिजणं: यातलं काही असेल तर खाली सांगितलेली वही लिहीत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.)

१. दोन ते तीन पाळ्यांची नोंद ठेवा

साधी वही पुरते. रकाने असे: तारीख, पाळीचा कितवा दिवस (रक्तस्राव सुरू झाला तो पहिला), कुठे दुखलं, 0 ते 10 पैकी किती, कशाने वाढलं, कोणती गोळी किती मिलिग्रॅम घेतली, किती तास आराम पडला. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: त्या दिवशी काय करता आलं नाही. वर्षानुवर्षं सोसणाऱ्या बायका आकडा कमी सांगतात. 8 म्हणायला संकोच वाटतो आणि 5 लिहिला जातो. पण 'ओट्याशी उभं राहता आलं नाही', 'कॉलेज बुडालं', 'रात्री दोनदा उठून बसले' यात कमी-जास्त होत नाही. किती पॅड भिजले आणि रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडल्या का, तेही लिहा.

पाळीत शौचाला बसताना गुदद्वारात कळ येणं, लघवी करताना दुखणं, शरीरसंबंधात खोलवर दुखणं, मूल राहत नसणं, आई-बहिणीला हाच त्रास असणं हे मुद्दे आपणहून सांगा. एंडोमेट्रिओसिसची शंका यांच्यावरूनच येते आणि लाजेपोटी नेमके हेच राहून जातात.

२. सगळं एका कागदावर आणा

सरकारी ओपीडीत मोजकी मिनिटं मिळतात. जाडजूड फाइल कोणी उलटत नाही. वर तीन-चार ओळी हव्यात, उदाहरणार्थ: 'दोन वर्षांपासून पाळीच्या आधी 2 आणि पाळीत 3 दिवस ओटीपोटात 8/10 दुखतं. शौचाच्या वेळी कळ येते. मेफेनामिक अ‍ॅसिड 500 घेऊनही तीन तासांत परत सुरू. महिन्याला 2 दिवस कामावर जाता येत नाही.' खाली आधीच्या तपासण्या तारखेसह. बोलायला सुरुवातही याच ओळींनी करा.

३. 'लग्न झालंय का?'

या प्रश्नातून बहुतेकदा शरीरसंबंध आलेत का, एवढंच विचारलेलं असतं. आतून तपासणी आणि योनीमार्गातून सोनोग्राफी करायची की नाही, गरोदरपणाची तपासणी हवी का, हे त्यावर ठरतं. अविवाहित असाल आणि संबंध आले असतील, तर 'मला एकटीला बोलायचंय' असं सांगून आईला किंवा सासूला बाहेर थांबायला लावा. संबंध आले नसतील, तर तपासणी टळावी असं नाही: तुमच्या संमतीने गुदद्वारातून सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येतो. सोबतीला तुमचं दुखणं पाहिलेलं कोणी जरूर न्या, मात्र विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे आधीच ठरवून घ्या.

४. नेमके प्रश्न विचारा

'याची कोणती कारणं असू शकतात आणि आज त्यातली कोणती वगळली?' 'एंडोमेट्रिओसिस नाही असं कशावरून वाटतं?' 'या गोळीने तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुढे काय?' तपासणीची किंवा पुढे पाठवण्याची गरज नाही असं सांगितलं, तर शांतपणे म्हणा, 'कारण केस पेपरवर लिहून द्याल का?' लिहिण्याची वेळ आली की विचार पुन्हा होतो.

सीए-125 या रक्ततपासणीवरून एंडोमेट्रिओसिस आहे किंवा नाही हे ठरत नाही, तिच्यावर पैसे घालू नका. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असंही आता नाही: 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षणांवरून हार्मोनचे उपचार सुरू करता येतात. म्हणजे डॉक्टरांनी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी लिहून दिली, तर ती बोळवण समजू नका.

दुखणं स्त्रीरोगाचंच असेल असंही नाही. मूत्राशय, आतडं, पोटाचे स्नायू, सगळं विचारात घ्यावं लागतं. उताणं झोपून डोकं उचलल्यावर दुखऱ्या जागी दाबलं आणि जास्त दुखलं, तर कारण पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता वाढते. योनीच्या तोंडाशी तीन महिन्यांहून अधिक आग होत असेल, तर कापसाच्या बोळ्याने हलकं दाबून जागा शोधतात. तळाच्या स्नायूंसाठी वेगळी फिजिओथेरपी असते. बारीक ताप, वजन घटणं, पाळी कमी होत जाणं असेल तर जननमार्गाच्या क्षयाबद्दल विचारायलाच हवं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर नाही म्हणू नका. लांबलेल्या दुखण्याने मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते आणि त्यावरची काही औषधं तेही देतात. फक्त बाकीच्या तपासण्या थांबणार नाहीत, एवढं पक्कं करून घ्या.

५. 'पिशवी काढून टाका' म्हटलं तर

ऐकून न घेण्याचं दुसरं टोक हे. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची संख्या गाजली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. होकार देण्याआधी विचारा: आजार कोणता, पुरावा काय, औषधं करून पाहिली का, अंडाशय ठेवणार की काढणार? एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो, पिशवी काढून तो जाईलच असं नाही. अंडाशय लवकर काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो.

६. दुसरं मत घ्या

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार लेखी मागितल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी तुमचे कागद द्यायचे असतात. नुसता रिपोर्ट नको, सोनोग्राफीच्या फिल्म, शस्त्रक्रियेची नोंद आणि बायोप्सीचा अहवालही मागा. नव्या डॉक्टरांसमोर आधीच्यांची तक्रार करू नका, त्यात तुमचीच मिनिटं जातात. तो एका पानाचा कागद पुढे ठेवा.