बास बोटीचं इंजिन किती वर घ्यावं

नवी बास बोट (बास मासे पकडायची वेगवान बोट) घेतली तेव्हा विकणाऱ्याने जॅक प्लेट, म्हणजे बोट आणि इंजिन यांच्यामधली इंजिन वर-खाली करायची प्लेट, मधोमध ठेवली, चार बोल्ट आवळले आणि "यू आर गुड टू गो" म्हणून चावी हातात दिली. वर्षभर मी तशीच चालवली. स्टिअरिंग जड लागायचं, मागून पाण्याचा फवारा उडायचा आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) काही केल्या उचलायची नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर, बालपण मालवणात होड्यांच्या पिलावळीत गेलेलं, तरी मला वाटलं बोटच अशी असेल. काकांनी बघितलं असतं तर पहिल्याच फेरीत म्हणाले असते, "अगो, पंखो खोल पडता हा!"

मी अलाबामात हंट्सव्हिलला राहते. अर्ध्या-पाऊण तासावर गंटर्सव्हिलचा जलाशय आहे. टेनेसी नदीवर 1939 साली टीव्हीएने (टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेने) धरण पुरं केलं, त्यामागे सुमारे 75 मैल पसरलेलं हे पाणी. बास मासेमारीची सर्वांत मोठी स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, इथे 2014 आणि 2020 मध्ये झाली. माझी बोट 20 फुटी आहे, मागे 225 हॉर्सपॉवरची यामाहा व्ही-मॅक्स एसएचओ आउटबोर्ड इंजिन आणि 25 पिचचा (एका फेऱ्यात कागदावर 25 इंच पुढे नेणारा) तीन पात्यांचा स्टीलचा प्रॉप, म्हणजे पंखा. खाली जे आकडे देते ते याच बोटीचे. तुमचे वेगळे येतील, पण ते काढायची रीत तीच.

आधी हे सगळं का करायचं ते. प्रॉपच्या वर गिअरकेसचा (इंजिनाच्या पाण्यातल्या खालच्या भागाचा) जो भाग पाण्यातून ओढला जातो तो नुसता अडथळा असतो, आणि वेग वाढतो तसा तो फार वेगाने वाढतो. इंजिन जरा वर घेतलं की अडथळा घटतो, आरपीएम चढतात, नाळ उचलते. पण फार वर घेतलं तर प्रॉप हवा ओढायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे गिअरकेसवरची भोकं, ज्यांतून इंजिन थंड ठेवणारं पाणी आत जातं, तीही पृष्ठभागाजवळ येतात. म्हणून बोटीवर वॉटर प्रेशरचा काटा नसेल तर आधी तो बसवा. त्याच्याशिवाय इंजिन वर घेऊ नका, ही एक गोष्ट मी हट्टाने सांगते.

मोजमाप अंगणातच होतं. ट्रेलर सपाट काँक्रीटवर लावा. तळाच्या मधोमध मागच्या बाजूला जी अरुंद सपाट पट्टी असते ती पॅड. वेगात बोट जवळजवळ तिच्यावरच चालते. पॅडला पाणसळ लावून ट्रेलरचा पुढचा जॅक वर-खाली करा, पॅड समतल होईपर्यंत. मग इंजिन ट्रिम करून (आत-बाहेर कलवून) प्रॉपचा शाफ्टही समतल आणा. आता जमिनीपासून पॅडच्या मागच्या टोकाची उंची घ्या आणि जमिनीपासून शाफ्टच्या मध्याची. माझं पॅड 21 इंचावर होतं, शाफ्ट 17 वर. म्हणजे शाफ्ट पॅडच्या 4 इंच खाली. एवढाच आकडा लक्षात ठेवायचा. जॅक प्लेटवरच्या पट्टीचा आकडा तुमच्या बोटीपुरता, शेजाऱ्याशी तुलना करायला निरुपयोगी. मी प्लेटवर पक्क्या मार्करने 4, 3½, 3¼ अशा खुणा करून ठेवल्या, पुन्हा मोजायला नको.

जॅक प्लेट नसेल तरी वाट बंद नाही. इंजिनाच्या ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात, त्यांत पाऊण इंचाचं अंतर असतं. एक भोक बदललं की पाऊण इंच. पण त्यासाठी सव्वादोनशे किलोचं धूड साखळीने उचलून धरावं लागतं आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) बोल्टांना पुन्हा सीलंट लावावा लागतो. ते घरी करू नका, दुकानात करून घ्या. जॅक प्लेटचा दुसरा फायदा असा की ती इंजिन मागे सरकवते. धावत्या बोटीच्या मागे पाणी वर चढत येतं, त्यामुळे प्रॉप जितका मागे तितका तो वर ठेवता येतो. (ॲटलस जॅक प्लेट बनवणारी टी-एच मरीन आमच्या हंट्सव्हिलचीच. सांगताना मला उगाच गावचा अभिमान वाटतो.)

माझी प्लेट हाताने फिरवायची आहे. बाजूचे लॉकचे बोल्ट सैल करायचे, मधला मोठा बोल्ट रॅचेटने फिरवायचा, खुणेवर आलं की बाजूचे बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळायचे. अंदाजाने आवळू नका. मग इंजिन पूर्ण वर टिल्ट करून, दोन्ही बाजूंना वळवून बघा: हायड्रॉलिक स्टिअरिंगचे पाइप ताणले जात नाहीत ना, कुठे चिमटत नाहीत ना.

आता पाण्यावर. ही चाचणी एकट्याने करू नका. मी नवऱ्याला नेते. तो वहीत आकडे लिहितो आणि वजन म्हणून बसतो, दुसरं काम जास्त मन लावून करतो. प्रत्येक फेरीला वजन तेच हवं. 40 गॅलन पेट्रोल म्हणजे शंभर किलोच्या वर, त्यामुळे टाकी अर्धी तर सगळ्या फेऱ्यांना अर्धी, लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) रिकामं तर रिकामंच. धरणातून पाणी सोडलं की गंटर्सव्हिलला प्रवाह असतो, म्हणून प्रत्येक उंचीला एकदा जाताना आणि एकदा येताना, जीपीएसच्या वेगाची सरासरी. आणि किल स्विचची दोरी (माणूस जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणारी) अंगाला अडकवलेली. 2021 पासून अमेरिकेत कायद्यानेच ती हवी, पण मी सांगते ते कायद्यासाठी नव्हे.

एका वेळी पाव किंवा अर्धा इंच, आणि त्या दिवशी दुसरं काहीही बदलायचं नाही. पूर्ण थ्रॉटलला ट्रिम हळूहळू वर घेत सर्वांत चांगला वेग काढायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: वेग, आरपीएम, पाण्याचा दाब. घरी येऊन स्लिप काढायची. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशोने भागा, मग 1056 ने भागा. जो येतो तो कागदावरचा वेग, मैल दर तास. खरा वेग त्याच्या किती टक्के कमी, ती स्लिप. माझा गिअर रेशो 1.75, म्हणजे प्रॉपच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 1.75 फेरे.

4 इंच खाली: 5400 आरपीएम, 63.5 मैल, दाब 22 पीएसआय. कागदावर 73 मैल, म्हणजे स्लिप 13 टक्के. 3½ वर 5600 आणि 66.5, स्लिप 12 च्या आसपास. नवरा म्हणाला, "अगं, पेट्रोल न जाळता तीन मैल मिळाले!" तसं नसतं, पण मी वाद घातला नाही. 3¼ वर 5700, 68.1, दाब 19, स्लिप पावणेबारा. स्टिअरिंग एका हाताने फिरू लागलं, फवारा बसला. 3 वर 5750 आणि 68.3.

इथे थांबायला हवं होतं. मी 2¾ केलं. आरपीएम 5900 झाले, वेग मात्र 66.8 वर उतरला, स्लिप सोळाच्या वर, दाब 11 आणि काटा थरथरायला लागला. आरपीएम वाढले आणि वेग पडला म्हणजे प्रॉप पाणी सोडून हवा घोटतोय, एवढं मला कळत होतं. तरी म्हटलं वळून तर बघू. ब्राउन्स क्रीकच्या तोंडाशी डावीकडे वळवली आणि प्रॉपची पकड सुटली. इंजिन किंचाळलं, नाळ धाडकन खाली आली, बोट आडवी घसरली. वही पाण्यात. नवरा आत राहिला, हे नशीब. आकडे मला पाठ होते म्हणून इथे लिहिता आले.

मग 3 ठेवायचं की 3¼? 3 वर 0.2 मैल जास्त मिळत होते. मी 3¼ वर ठेवलं. वळणाला पकड राहते, आणि गंटर्सव्हिलचं हायड्रिला गवत भोकांवर अडकलं की दाब आधीच घसरतो, तेव्हा हाताशी थोडी शिल्लक लागते. माझा स्वतःचा नियम: पूर्ण वेगात दाब 15 च्या खाली गेला की थ्रॉटल सोडायचा, इंजिन उचलून गवत काढायचं. तुमच्या इंजिनाचा किमान दाब मॅन्युअलमध्ये बघा. आरपीएमही मॅन्युअलच्या मर्यादेत हवेत, माझ्या इंजिनाला 5000 ते 6000.

हायड्रॉलिक प्लेटवाल्यांची चैन असते. सुटताना खाली, बोट पॅडवर आली की वर, लाटा किंवा वळण आलं की पुन्हा खाली, सगळं बटणावर. हाताच्या प्लेटला एकच उंची निवडावी लागते, म्हणून ती सगळ्यात वाईट दिवसाला धरून निवडा, आरशासारख्या पाण्याला धरून नको. वेगात बोट डावी-उजवीकडे डुलायला लागली तर उंचीला हात लावण्याआधी ट्रिम थोडं खाली घ्या.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर लॉकचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. माझा एक सैल निघाला होता. आणि प्रॉप बदललात तर मोजणी पहिल्यापासून: चार पात्यांचा प्रॉप सहसा जरा वरही पकड धरतो, त्यामुळे जुनी खूण त्याला लागू नाही. माझा चार पात्यांचा गॅरेजमध्ये खोक्यात पडलाय. नवऱ्याने नवी वही आणलीये, या वेळी प्लास्टिकच्या पिशवीसकट.