अमेरिकी वेबसाइट म्हणते ‘पत्ता जुळत नाही’? बिलिंग अ‍ॅड्रेस असा भरा

कार्डाचा नंबर बरोबर, मुदत बरोबर, मागचे तीन आकडेही बरोबर, तरी पैसे भरताना लाल अक्षरांत उत्तर येतं की पत्ता जुळत नाही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्या सत्रात हा अनुभव हमखास येतो. त्याला कारण आपली सवय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, तेव्हापासून आपण ओटीपीवर विसंबून आहोत. बिलिंग अ‍ॅड्रेसच्या, म्हणजे कार्डासाठी बँकेत नोंदवलेल्या पत्त्याच्या, रकान्यात काय भरलं याकडे कुणी फारसं बघत नाही. अमेरिकी दुकानं मात्र बरेचदा ओटीपी न मागताच पैसे घेतात, आणि कार्ड चोरीचं तर नाही ना, हे बघायला त्यांच्या हाताशी जे उपाय असतात त्यातला एक म्हणजे अ‍ॅड्रेस व्हेरिफिकेशन, म्हणजेच एव्हीएस. कॅनडा आणि ब्रिटनमध्येही हीच पद्धत चालते.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे निम्मी डोकेदुखी जाईल. तुम्ही बटण दाबलं की कार्डाच्या नंबरासोबत पत्ताही तुमच्या बँकेकडे जातो आणि बँक तो आपल्या नोंदीशी ताडून बघते. सगळा पत्ता नाही, मुख्यतः त्यातले आकडे. एम्पायर स्टेट बिल्डिंगचंच उदाहरण घ्या: ३५० फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, न्यूयॉर्क, १०११८. यात बघायचे ते घर क्रमांक ३५० आणि झिप, म्हणजे तिकडचा पिनकोड, १०११८. ‘अ‍ॅव्हेन्यू’ पूर्ण लिहिलं की तोडून लिहिलं, याने सहसा काही बिघडत नाही.

बँक उत्तर देते ते एका इंग्रजी अक्षरात. वाय म्हणजे घर क्रमांक आणि झिप दोन्ही जुळले. झेड म्हणजे फक्त झिप जुळला, ए म्हणजे फक्त घर क्रमांक, आणि एन म्हणजे काहीच नाही. गंमत अशी की पैसे मंजूर करणं आणि हे अक्षर कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक रक्कम मंजूर करून सोबत ‘एन’ कळवू शकते. पुढे माल द्यायचा की नाही, ते दुकान ठरवतं. म्हणून तर बँकेला फोन केला की ‘आम्ही मंजूर केलंय’ आणि दुकानाला विचारलं की ‘नाकारलं गेलंय’ असं ऐकू येतं. दोघंही खरंच बोलत असतात.

आता भरायला बसा.

पायरी १. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा स्टेटमेंटवर कोणता पत्ता आहे ते बघा आणि तोच, तसाच उतरवा. खोली बदलली असेल तर आधी बँकेत पत्ता बदला. पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज दिला म्हणजे बँकेलाही कळलं, असं समजू नका.

पायरी २. घर क्रमांक आधी, फ्लॅट क्रमांक नंतर. खरी मेख इथे आहे. आपण लिहितो ‘फ्लॅट ४, अमुक सोसायटी, तमुक रस्ता’. त्याच वळणाने कुणी ‘अपार्टमेंट ४, १२० मेन स्ट्रीट’ लिहिलं तर आकड्यांत पहिला येतो ४, आणि बँकेकडे नोंद असते १२० ची. पहिल्या ओळीत ‘१२० मेन स्ट्रीट’ आणि अपार्टमेंट दुसऱ्या ओळीत, हे अंगवळणी पाडून घ्या.

पायरी ३. झिप पूर्ण पाच आकडी हवा. न्यू जर्सीचे झिप शून्याने सुरू होतात, उदाहरणार्थ एडिसनचा ०८८२०. ते शून्य गाळू नका.

पायरी ४. वस्तू मावशीकडे पाठवायची असेल तर तिचा पत्ता शिपिंगच्या रकान्यात. ‘बिलिंग आणि शिपिंग एकच’ या चौकटीत आधीपासून टिक असते, ती काढा.

दुकानातून घेतलेलं प्रीपेड गिफ्ट कार्ड असेल तर त्याला पत्ताच नसतो. ते ज्या कंपनीचं, तिच्या साइटवर आधी आपला झिप नोंदवा.

एवढं करूनही नकार आला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. वर सांगितलं तसं रक्कम मंजूर होऊन पत्ता फसलेला असू शकतो, आणि अशा दर प्रयत्नाला तेवढी रक्कम ‘पेंडिंग’ म्हणून अडकते. ती काही दिवसांत सुटते हे खरं, पण डेबिट कार्ड असेल तर तोवर खात्यातले पैसे वापरता येत नाहीत. महिनाअखेरीला हे फार महागात पडतं. एकदा फसलं की थांबा, बँकेकडून नोंदीतला पत्ता वाचून घ्या, मगच दुसरा प्रयत्न करा.

भारतातलं कार्ड वापरत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्या बँका सहसा या पद्धतीत नसतात, त्यामुळे दुकानाला ‘पडताळता येत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. काही दुकानं तरीही माल देतात, काही देत नाहीत. देश म्हणून भारत निवडा, म्हणजे बहुतेक साइटवर सहा आकडी पिन बसतो. तिथे कुठला तरी अमेरिकी झिप ठोकून देण्याचा सल्ला नेटवर मिळतो. त्याचा उपयोग नाही, उलट संशय वाढतो. त्याआधी कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर अ‍ॅपमधून सुरू केलाय का तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा हे दोन्ही बंदच असतं.

अमेरिकेत पेट्रोल पंपावरचं यंत्रही झिप विचारतं, तेही याच तपासणीसाठी. भारतीय कार्ड असेल तर यंत्राशी झटापट करत बसू नका. आत काउंटरवर जा, पंपाचा नंबर सांगा आणि किती डॉलरचं हवं तेवढे पैसे आधी भरा.