सिझेरियनमधल्या रक्तस्रावावर अभ्यास करायचाय? आधी कोरडा मॉप तोला

रेसिडेंट अभ्यासाचा विषय घेऊन येतात तेव्हा त्यांच्या तोंडी औषधाचं नाव असतं. ‘मॅडम, सिझेरियनला हे इंजेक्शन दिलं तर रक्त कमी जातं का, बघायचंय.’ मी विचारते, कमी म्हणजे किती, आणि मोजणार कसं? पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्यावर ‘सर्जनना विचारून लिहू’ असं आलं की मी वही मिटते. सर्जनचा अंदाज म्हणजे त्या दिवशीचा मूड. शिवाय रक्त जितकं जास्त जातं तितका हा अंदाज खाली राहतो, आणि आपल्याला नेमक्या त्याच बायका शोधायच्या असतात.

माझ्या पहिल्या अभ्यासात मी चाळीस सिझेरियनचे भिजलेले मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी पॅड, इमानेइतबारे तोलले. भिजलेल्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की मॉपमधलं रक्त कळतं. कोरड्या मॉपचं वजन मात्र एकदाच केलं होतं, पहिल्या दिवशी. मध्येच मॉपचा नवा गठ्ठा आला. दिसायला तसेच, पण घड्या जास्त. लक्षात आलं तेव्हा कोणाला कुठले मॉप वापरले हे सांगणारं कुणीच नव्हतं. चाळीसच्या चाळीस फॉर्म बाद.

म्हणून आता ऑपरेशन थिएटरमध्ये असं चालतं. प्रत्येक गठ्ठ्यातले दहा कोरडे मॉप एकत्र तोलायचे, सरासरी काढून गठ्ठ्यावर मार्करने लिहायची. सलाइनमध्ये भिजवून देणार असाल तर पिळून, देण्याच्या अवस्थेत तोला. गर्भाशयावर छेद घेतला की गर्भजल सक्शनच्या, म्हणजे ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, बाटलीत उतरतं. बाळ बाहेर आलं, गर्भजल ओढून झालं, आणि वार सुटायच्या आत बाटलीवरचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा. शेवटच्या आकड्यातून हा वजा. पोट धुवायला ओतलेलं सलाइनही वजा. ते किती ओतलं हे सिस्टरच सांगू शकतात, म्हणून त्यांना अभ्यास आधी समजावून सांगा, नुसता फॉर्म पुढे सरकवू नका. वापरलेले मॉप बादलीत तासभर पडू देऊ नका, वाळले की वजन उतरतं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत चूक सारखीच राहते.

दुसरा मार्ग हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीचा. वजनाच्या किलोला 85 मिली रक्त धरायचं आणि हिमॅटोक्रिट जितक्या प्रमाणात उतरला तितकं गेलं असं मानायचं. 60 किलोची बाई, आधी 36, दुसऱ्या दिवशी 32. म्हणजे 5100 गुणिले 4 भागिले 36, साधारण 567 मिली. सलाइन जास्त चढलं तर हा आकडा फुगतो, म्हणून दुसऱ्या नमुन्याची वेळ सगळ्यांना एकच ठेवा.

दोन्ही मापं घ्या, पण मुख्य कोणतं हे पहिल्या पेशंटच्या आधी कागदावर ठरवा. 2021 मध्ये फ्रान्समधला ट्रॅप-2 अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझेरियनला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध दिलेल्या गटात, हिमॅटोक्रिटवरून काढलेला एक लिटरहून जास्त रक्तस्राव किंवा रक्त चढवावं लागणं 26.7 टक्के बायकांत दिसलं, न दिलेल्यांत 31.6 टक्के. मॉप आणि बाटलीच्या मापात मात्र दोन्ही गटांच्या सरासरीत फरक दिसला नाही. निकाल पाहून माप निवडायची सोय असती तर हवं ते सिद्ध करता आलं असतं.

पेशंट किती घ्यायच्या हेही मापावरच ठरतं. समजा, 100 मिलीचा फरक पकडायचा आहे. मोजणी नीट असेल आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, 300 मिली असेल, तर नेहमीच्या 80 टक्के पॉवरला (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) दर गटात सुमारे 142 बायका पुरतात. मोजणी ढिसाळ होऊन तेच 400 झालं, तर 252. त्या जादाच्या 220 बायका तुमच्या आळसाची किंमत भरतात. मृत्यू हा निकष छोट्या अभ्यासात घेऊच नका. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर हेच औषध तपासणाऱ्या 2017 च्या वुमन ट्रायलमध्ये 20,060 बायका होत्या, आणि तिथेही रक्तस्रावाने होणारे मृत्यू 1.9 वरून 1.5 टक्क्यांवर आले, इतकाच फरक.

त्याच ट्रायलमधली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. आधी मुख्य निकष होता मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं. काम सुरू झाल्यावर लक्षात आलं की पुष्कळदा गर्भाशय काढायचा निर्णय आणि कुठल्या गटात हे ठरवणारी चिठ्ठी एकाच वेळी होतेय. औषधाला तो निर्णय बदलायला वावच नाही. मग त्यांनी 15,000 चं लक्ष्य 20,000 वर नेलं, मृत्यूकडे लक्ष देता यावं म्हणून. आपला निकष औषधाने हलू शकतो का, हे स्वतःला विचारा.

बाकीचं थोडक्यात. सम-विषम तारखेने गटांत वाटणी करू नका, पुढची पेशंट कुठल्या गटात हे सगळ्यांना आधीच कळतं. ठरवून केलेली आणि तातडीची सिझेरियन वेगवेगळ्या यादीतून दोन्ही गटांत वाटा. सार्वजनिक यादीत ट्रायलची नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. मोठी वैद्यकीय नियतकालिकं 2005 पासून तिच्याशिवाय ट्रायल छापत नाहीत. संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटा, नंतर भेटून तो फक्त हळहळतो.

संमतीचं मात्र थोडक्यात होत नाही. कळा देणारी बाई कागदावर सही करेल, कारण तिला ते प्रकरण संपवायचं असतं. ती संमती नव्हे. बोलणं गरोदरपणाच्या तपासणीतच करा, कागद घरी न्यायला द्या. आणि ‘नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळतील’ हे वाक्य तिच्याकडून तिच्या शब्दांत परत म्हणवून घ्या. एकीने मला म्हटलं होतं, ‘म्हणजे मी नाही म्हटलं तर तुम्ही रागावणार नाही?’ फॉर्ममधल्या माझ्या दीड पानाचा अर्थ तेवढाच होता. पुढच्या अभ्यासात मी तेच छापलं.

सुरुवातीला दहा सिझेरियन नुसती मोजा, वाटणी न करता. रात्रपाळीची दोन-तीन त्यात हवीतच. वजनकाट्याची बॅटरी रात्री तीनलाच संपते. फॉर्मवर ‘वजन कोणी केलं’ असा रकाना ठेवा, आणि त्यात आलेलं नाव पेशंट कुठल्या गटात ही चिठ्ठी उघडणाऱ्याचं निघालं तर माणूस बदला.