जपमाळेवर चालीचा वेग धरा

स्पेनमधल्या सान्तियागोच्या, म्हणजे संत याकोबाच्या समाधीपर्यंतच्या ख्रिस्ती पदयात्रेत पहिले दोन दिवस उत्साहात झपाझप चालून तिसऱ्या दिवशी टाचेला फोड घेऊन बसणारे बरेच असतात. वेग आवरायला घड्याळ नको, ॲप नको. हातातली ख्रिस्ती जपमाळ (रोझरी) पुरते. इथे बडोद्यात कमाटीबागेत सकाळी ६ वाजता मी असाच सराव करतोय.

१. मण्यागणिक म्हणायची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना मनात नको, शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणा. धाप लागून शब्द मध्येच तुटला, की पाय आवरा.

२. पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) एक माळ साधारण २० मिनिटांत होते, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर.

३. चार माळा, म्हणजे वीसही रहस्यं (दर दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग) झाली की थांबा. बूट-मोजे काढा, पाय पुसून वारा लागू द्या, कोरडे मोजे चढवा. ओले मोजे सेफ्टी पिनने पाठपिशवीला लटकवा, चालता चालता वाळतात. टाच चुरचुरत असेल तर पट्टी तिथेच लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच.

सराव पाठीवर ओझं घेऊनच. मी दोन-दोन किलो गव्हाच्या तीन पिशव्या भरतो. बाकावरचे आजोबा रोज विचारतात, “काय, दळणाला निघालात?”

एक मात्र सांभाळा: कॉम्पोस्तेला हे यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालावे लागतात आणि त्या टप्प्यात यात्रापुस्तिकेवर दिवसाला दोन शिक्के लागतात. जपाच्या तंद्रीत ते राहून जातात.